ओळखीचा वास, अनोळखी औषध

गोपाळकाला जवळ आला की आमच्या टेंभी नाक्याचे रूपच पालटते. कै. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या येथील हंडीला ठाण्याबरोबरच मुंबईचीही पथके येतात. त्या दिवशी गर्दीत थोडा वेळ उभे राहिले की दोन वास नाकात बसतात. एक भिजलेल्या कपड्यांचा आणि दुसरा बामचा. थर लावून उतरलेला गोविंदा ट्रकच्या फळीवर बसतो, कोणी त्याच्या खांद्यावर फवारा मारतो, कोणी पोटरीला मलम चोळतो. सायंकाळी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाला तोच वास असतो.

हा वास आपल्याला नवा नाही. आजीच्या उशाशी असलेल्या बाटलीचा, परीक्षेच्या दिवसांत कपाळाला लावलेल्या बामचा, शाळेतल्या कबड्डीच्या मैदानाचा हाच वास. मात्र इतक्या वर्षांच्या ओळखीनंतरही या वासामागे कोणते द्रव्य आहे असे विचारले, तर दहांपैकी नऊ जण गप्प राहतात. ते द्रव्य म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट. ॲस्पिरिनच्या गोळीची ही सख्खी बहीण. गोळी आपण मोजून घेतो आणि मुलांपासून दूर ठेवतो. बहिणीला मात्र मांडणीवर, खिडकीत, गादीखाली कुठेही जागा मिळते. आजचा लेख या बेफिकिरीबद्दल आहे.

वास कशाचा?

रसायनशास्त्रात एस्टर नावाचे एक मोठे कुटुंब आहे. एखादे सेंद्रिय आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आले, त्यांच्यातून पाण्याचा रेणू बाहेर पडला, की एस्टर तयार होतो. या कुटुंबातील अनेक सभासद सुवासिक असतात. पिकल्या केळ्याचा वास एका एस्टरचा, अननसाच्या वासात दुसऱ्या एस्टरचा वाटा. मुलांच्या गोड औषधांना फळांचा वास येतो, तो पुष्कळदा याच कुटुंबाकडून उसना घेतलेला असतो.

सॅलिसिलिक आम्ल आणि मिथाइल अल्कोहोल यांच्या संयोगातून होणारा एस्टर म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट. हा रंगहीन किंवा किंचित पिवळसर, तेलासारखा द्रव आहे. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. अल्कोहोलमध्ये मात्र सहज मिसळतो. विज्ञान शाखेच्या वाचकांना प्रयोगशाळा आठवत असेल. परीक्षानळीत दोन्ही द्रव्ये घ्यायची, तीव्र गंधकाम्लाचे काही थेंब टाकायचे, गरम करायचे आणि वास घ्यायचा. ‘सर, आयोडेक्सचा वास आला,’ असे कोणीतरी हमखास ओरडे. तो मुलगा अगदी बरोबर बोलत असे.

आम्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांची या द्रव्याशी आणखी एका ठिकाणी गाठ पडते, ती शरीररचनाशास्त्राच्या संग्रहालयात. अवयवाचा नमुना योग्य प्रक्रिया करून या तेलात ठेवला की मांस काचेसारखे पारदर्शक होते आणि आतली हाडे किंवा रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. एकच द्रव्य कपाळावरही जाते आणि काचेच्या बरणीतही.

आधी झाडात, मग कारखान्यात

हे द्रव्य माणसाने शोधण्याच्या कितीतरी आधी झाडांनी बनवले. उत्तर अमेरिकेत विंटरग्रीन नावाचे एक छोटे, बारमाही हिरवे झुडूप आहे. त्याच्या पानांचे तेल काढले तर त्यात जवळपास सगळे मिथाइल सॅलिसिलेटच असते. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ ऑगस्त काऊर यांनी १८४३ मध्ये हे दाखवून दिले. याच झुडपाचे भाऊबंद आपल्या देशात निलगिरीच्या डोंगरांत, खासी टेकड्यांवर आणि हिमालयात वाढतात. आपल्याकडे त्याच्या तेलाला गंधपुरा तेल म्हणतात. आज बाजारातील बहुतेक माल मात्र कारखान्यात तयार होतो. झाडातून आलेला आणि कारखान्यातून आलेला रेणू यांत शरीराच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

झाडाला या वासाचा काय उपयोग, हेही ऐकण्यासारखे आहे. तंबाखूच्या रोपाला विषाणूची लागण झाली की ते मिथाइल सॅलिसिलेट हवेत सोडते आणि त्यामुळे शेजारच्या निरोगी रोपांची प्रतिकारशक्ती जागी होते, असे संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे आपण ज्याला दुखण्यावरचा वास समजतो, तो वनस्पतींच्या जगात ‘सावध राहा’ असा निरोप आहे. हा निरोप आपणही घ्यायला हरकत नाही.

अमेरिकेत हाच वास गोळ्या-चॉकलेटांचा समजला जातो. तेथे च्युइंगगम, पेपरमिंटसारख्या गोळ्या, टूथपेस्ट यांत तो अत्यल्प प्रमाणात घालतात. आपल्याकडे मात्र हा वास आला की ‘कोणाचे काय दुखते आहे?’ असा प्रश्न पहिला येतो. वास तोच, आठवणी वेगळ्या.

नावे अनेक, द्रव्य एक

बाम आणि मुंबई यांचे नाते जुने आहे. पत्रकार आणि स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईतच अमृतांजनचा व्यवसाय सुरू केला. पुढे तो मद्रासला गेला, पण नाव इकडे इतके रुजले की बोरघाटातील १८३० च्या ब्रिटिशकालीन पुलाला लोक त्याच्यावरील जाहिरातीमुळे अमृतांजन पूल म्हणू लागले. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, नाव अजून तोंडात आहे. झंडू फार्मास्युटिकल वर्क्स ही संस्थाही १९१० मध्ये मुंबईतच स्थापन झाली. एकंदरीत, आपल्या तीन-चार पिढ्या बामच्या वासात वाढल्या.

आता घरातील बामची डबी, मलमाची ट्यूब आणि फवाऱ्याचा डबा समोर घ्या. भिंग लागले तर भिंग घ्या, कारण अक्षरे बारीक असतात. त्यावर ‘मिथाइल सॅलिसिलेट’, ‘ऑइल ऑफ विंटरग्रीन’ किंवा ‘गंधपुरा तेल’ यांपैकी काहीतरी बहुधा सापडेल. ही तिन्ही नावे एकाच द्रव्याची समजा. सोबत मेंथॉल, म्हणजे पुदिन्याचे फूल, आणि कापूर असतो. स्नायूंच्या दुखण्यावरील मलमांत मिथाइल सॅलिसिलेटचे प्रमाण साधारण दहा ते तीस टक्के असते, कपाळाला लावायच्या काही बाममध्ये त्याहून कमी.

‘डॉक्टर, हे तर आयुर्वेदिक आहे, याने काय होणार?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे, पण गंधपुरा तेल झाडाचे असले तरी रेणू तोच आणि मात्राही तितकीच महत्त्वाची. झाडातून आले म्हणून धोत्रा कोणी भाजीत घालत नाही.

दुखणे खरेच थांबते का?

मलम चोळल्यावर त्वचेला प्रथम थंड वाटते, मग ऊब येते, जागा लालसर होते. थंडावा मेंथॉलचा. ऊब आणि लाली मुख्यतः मिथाइल सॅलिसिलेटची, कारण त्याने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. या नव्या संवेदना मज्जारज्जूकडे जाऊ लागल्या की आतून येणाऱ्या वेदनेची वाट काही प्रमाणात अडते. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये वेदनेचा ‘दरवाजा’ म्हणून जी कल्पना मांडली, ती हीच. गुडघा आपटला की आपण आपोआप तो चोळतो, त्यामागेही हेच कारण आहे.

याखेरीज काही द्रव्य त्वचेतून आत झिरपते आणि त्याचे सॅलिसिलिक आम्लात रूपांतर होते. ॲस्पिरिन ज्या मार्गाने दाह कमी करते त्याच मार्गाने तेही काम करते.

परंतु फायद्याचे माप वाजवी ठेवावे. सॅलिसिलेटयुक्त मलमांवरील चाचण्यांचा आढावा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये घेतला. अशा मलमांचा मोठा फायदा होतो असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यात आढळला नाही. माझ्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाशी हे जुळते. लचक, उसण, दिवसभर उभे राहून भरून आलेल्या पोटऱ्या यांना बामने तात्पुरता आराम पडतो आणि तो खोटा नसतो. त्यात चोळणाऱ्या हाताचा वाटाही मोठा आहे. पण झिजलेला गुडघा बामने भरून येत नाही, सरकलेली चकती जागेवर बसत नाही आणि मोडलेले हाड तर मुळीच सांधत नाही.

एका चमच्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. शुद्ध गंधपुरा तेल, म्हणजे पातळ न केलेले मिथाइल सॅलिसिलेट, एक छोटा चमचा, अर्थात पाच मिलिलिटर घेतले, तर ते सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिनइतके होते. ३२५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मोजले तर एकवीस-बावीस गोळ्या. आपण एखाद्या लहान मुलाच्या हातात वीस गोळ्यांच्या पट्ट्या देऊ का?

हिशेब पुढे नेऊ. शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे दीडशे मिलिग्रॅम सॅलिसिलेट पोटात गेले की विषबाधेची भीती सुरू होते. पाचशेच्या आसपास जिवाला धोका असतो. वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाचे वजन दहा किलो धरा. त्याच्या बाबतीत एक मिलिलिटर शुद्ध तेल, म्हणजे ड्रॉपरभर, पहिल्या रेषेच्या अगदी जवळ जाते. चार मिलिलिटर दुसरी रेषा ओलांडते. चमचाभराहून कमी तेलाने मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत जुन्या काळापासून आहेत.

हे शुद्ध तेल घरात येते कसे? काष्ठौषधीच्या दुकानात ते सुटे मिळते. हल्ली मोबाइलवर ‘गुडघेदुखीवर रामबाण घरगुती तेल’ अशा कृती फिरतात. तिळाचे तेल, कापूर, ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि भरपूर गंधपुरा. तयार झालेले तेल मग कशात भरतात, तर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत किंवा शीतपेयाच्या बाटलीत. बाटलीवर नाव नाही, झाकण सैल, वास गोळीसारखा गोड. लहान मुलाला याहून मोठे आमंत्रण कोणते?

काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांच्या एका मुलीला आजोबा कडेवर घेऊन माझ्याकडे आले. दोन उलट्या झाल्या होत्या, अंग तापले होते आणि श्वास भराभर व खोल चालला होता. न्यूमोनियाच वाटावा असे चित्र. छाती तपासली तर स्वच्छ. मात्र तिच्या तोंडाला बामचा वास येत होता. विचारल्यावर उलगडा झाला. आजोबांचे गुडघ्याचे तेल खोकल्याच्या जुन्या बाटलीत होते आणि मुलीने ‘माझे औषध’ म्हणून ते तोंडाला लावले होते. सॅलिसिलेट मेंदूतील श्वासाच्या केंद्राला चेतवते, म्हणून धाप लागते. मुलीला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवले. रक्ताच्या तपासण्या, शिरेतून सोडियम बायकार्बोनेट आणि डोळ्यांत तेल घालून केलेली देखरेख यांमुळे ती चार दिवसांनी घरी आली. घरच्यांनी वेळ दवडला नाही आणि बाटली सोबत आणली, म्हणून पुढचे सोपे झाले. या विषावर उतारा म्हणता येईल असे एकही औषध नाही. शरीरातून ते बाहेर काढणे एवढाच उपाय, आणि प्रकृती जास्तच बिघडली तर त्यासाठी डायलिसिस करावे लागते.

त्वचेवरूनही जास्त होऊ शकते

‘पोटात गेले तर धोका, वरून लावायला काय?’ असे कोणी म्हणेल. हातभर जागेवर, दिवसातून तीन-चार वेळा, काही दिवस लावल्याने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. पण सर्वांगाला फासणे, त्यावर प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी गुंडाळणे, वरून शेक देणे, लगेच व्यायाम करणे यांमुळे त्वचेतून आत जाणारे प्रमाण वाढते. २००७ मध्ये न्यूयॉर्क शहरातील सतरा वर्षांची एक धावपटू मुलगी मरण पावली. मिथाइल सॅलिसिलेट असलेली उत्पादने अतिप्रमाणात वापरल्याने हा अपघाती मृत्यू झाला, असा निष्कर्ष तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी काढला. असे प्रकार अतिशय दुर्मिळ आहेत, पण अशक्य नाहीत. थराखाली दिवसभर राबणाऱ्या आणि दर तासाला फवारा मारणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

भाजण्याचा धोका त्याहून नेहमीचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये अशा मलमांमुळे त्वचा भाजल्याच्या नोंदींवरून जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे मलम चोळून वर गरम पाण्याची पिशवी ठेवण्याची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी पाठीवर पिशवीच्या आकाराचे फोड घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. मलम किंवा शेक, दोहोंपैकी एकच निवडा.

यांनी विशेष जपावे

रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे: हृदयाची झडप बदललेले किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेले अनेक रुग्ण वॉरफरिन अथवा त्याच गटातील गोळ्या घेतात. मिथाइल सॅलिसिलेट वरून लावले तरी या गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो. आमच्या भागातील एक सेवानिवृत्त शिक्षक अंगावर निळे डाग आले म्हणून दाखवायला आले. गोळी नियमित, आहारात बदल नाही. कंबर दुखते म्हणून आठवडाभर दिवसातून चार-पाच वेळा मलम चोळत होते, एवढेच काय ते नवे. आयएनआर ही तपासणी केली तर आकडा बराच वर गेला होता. मलम बंद केले, गोळीचे प्रमाण त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने तात्पुरते बदलले आणि आकडा जागेवर आला. मलमाला कोणी औषध समजतच नाही, त्यामुळे ‘दुसरे कोणते औषध चालू आहे का?’ या प्रश्नाच्या उत्तरात ते कधी येत नाही. कृपया ते सांगत जा.

ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा त्याने दमा उठणारे: यांनी हे मलम टाळावे.

गरोदर स्त्रिया: कंबरदुखी या काळात नेहमीचीच. पण सॅलिसिलेटचा वापर, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. हलका शेक, योग्य उशी आणि कोणाकडून तरी पाठ दाबून घेणे यांनी पुष्कळ काम होते.

मूत्रपिंडाचा विकार असलेले: बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे असल्याने द्रव्य शरीरात साठू शकते.

लहान मुले: बारा वर्षांखालील मुलांना असे मलम डॉक्टरांना विचारूनच लावावे. तान्ह्या बाळाला सर्दी झाली की नाकपुड्यांना बाम लावण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. ती सोडा. मेंथॉलच्या झोताने बाळाचा श्वास अडकू शकतो आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. बाळाच्या नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालणे हा साधा, स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे.

लावण्याची रीत

ताज्या मुक्या मारावर किंवा मुरगळल्यावर लगेच मलम चोळू नये. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून काही वेळा ठेवावा. पाय उंचावर ठेवावा. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर चोळत बसण्याऐवजी एक्स-रे काढावा. उंचावरून पडलेल्या गोविंदाची मान किंवा पाठ दुखत असेल, तर कोणीही चोळू नये, बसवू नये, उचलून पळू नये. त्याला सपाट झोपवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

मलम लावायचेच असेल तर वाटाण्याएवढे घ्यावे, अखंड त्वचेवर हलक्या हाताने लावावे. खरचटलेल्या जागी, डोळ्यांजवळ, तोंडात किंवा गुप्तांगाजवळ लावू नये. नंतर हात साबणाने धुवावेत, नाहीतर त्याच हाताने डोळा चोळला जातो किंवा नातवाला घास भरवला जातो. फवाऱ्याचा डबा निरांजन, उदबत्ती, शेगडी यांच्याजवळ वापरू नये, कारण त्यातील वायू पेट घेऊ शकतो. सात दिवसांत दुखणे कमी झाले नाही तर मलम बदलण्याऐवजी डॉक्टर गाठावा.

चुकून पोटात गेले तर

मुलाच्या तोंडातील तेल पुसून काढा, चूळ भरता येत असेल तर भरायला लावा. उलटी काढण्यासाठी घशात बोट घालू नका, मिठाचे पाणी पाजू नका. उलटीतील तेल फुप्फुसांत जाऊ शकते आणि त्यात कापूर असेल तर झटक्याची भीती असते. दूध, तूप, लिंबू असे उपाय करण्यात वेळ घालवू नका. बाटली किंवा ट्यूब सोबत घ्या आणि मूल खेळत असले तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा. आपल्याकडे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. लक्षणे काही वेळाने दिसू शकतात. उलट्या, कानात गुंई आवाज, धाप, घाम, ताप, गुंगी ही ती लक्षणे. ती दिसण्याची वाट पाहू नये.

वाचकांच्या मनातील काही प्रश्न

प्रश्न: मुलाने डबीतील बाम बोटाने चाटला. धावपळ करावी का?
उत्तर: दहा टक्क्यांच्या बाममधील बोटभर, म्हणजे साधारण एक ग्रॅम चाटला, तर त्यात मिथाइल सॅलिसिलेट शंभर मिलिग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याने सहसा गंभीर काही होत नाही, पण कापूरही असतो, म्हणून डॉक्टरांना फोन करून विचारावे. डबी अर्धी रिकामी दिसत असेल किंवा पातळ तेल प्यायले असेल, तर मात्र विचारत बसू नये, निघावे.

प्रश्न: मला रोज रात्री कपाळाला बाम लावल्याशिवाय झोप येत नाही. हे व्यसन आहे का?
उत्तर: दारू-तंबाखूसारखे व्यसन नव्हे, सवय आहे. मात्र रोज डोके दुखत असेल तर चष्म्याचा नंबर, रक्तदाब, झोप आणि चहाचे कप यांची तपासणी आधी करावी. बाम कारण झाकतो, काढत नाही.

प्रश्न: वास जितका उग्र तितके औषध गुणकारी, हे खरे का?
उत्तर: नाही. उग्र वास म्हणजे हवेत उडणारे द्रव्य जास्त, एवढाच अर्थ. काही वेदनाशामक जेलना वास जवळजवळ नसतो आणि सांध्यांच्या दुखण्यात ते या मलमांपेक्षा अधिक उपयोगी ठरले आहेत. तेही डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न: घरी केलेले तेल टाकून द्यावे का?
उत्तर: त्यात गंधपुरा किती घातला याचा अंदाज नसेल तर टाकावे. ठेवायचेच असेल तर घट्ट झाकणाच्या वेगळ्या बाटलीत, ठळक अक्षरांत ‘पिऊ नये’ असे लिहून, कुलपाच्या कपाटात ठेवावे. औषधाच्या किंवा सरबताच्या बाटलीत कदापि भरू नये.

वाचकहो, बाम घराबाहेर काढा असे माझे म्हणणे नाही. माझ्या स्वतःच्या घरातही एक डबी आहे. ती औषधांच्या कपाटात, वरच्या खणात आहे, इतकेच. आज हे पान वाचून झाले की पाच मिनिटे काढा आणि उशाशी, देवघराच्या कोनाड्यात, स्कूटरच्या डिकीत, आजोबांच्या खुर्चीखाली कोणकोणत्या बाटल्या आहेत ते पाहून घ्या. गोविंदा पथकांच्या प्रमुखांनीही प्रथमोपचाराच्या पेटीत फवाऱ्यासोबत बर्फाची सोय करावी आणि पेटी लहान मुलांच्या हाती देऊ नये. सर्वांना गोपाळकाल्याच्या शुभेच्छा.

पुढील आठवड्यात: पावसाळ्यातील पायांच्या चिखल्या.